लॅपटॉपमधील एसएसडी घरच्या घरी कशी बदलावी

पाच-सहा वर्षांपूर्वी घेतलेल्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे विंडोज आणि सगळ्या फायली साठवणारा ड्राइव्ह, असते. विंडोज, ऑफिस, टॅली, मोबाइलवरून उतरवलेले फोटो आणि व्हॉट्सअॅपवरून आलेल्या पीडीएफ एवढ्यांतच ती भरत येते, सी ड्राइव्हची पट्टी लाल होते आणि विंडोजचे अपडेट जागेअभावी अडू लागते. अशा वेळी प्रोसेसर आणि स्क्रीन उत्तम स्थितीत असतानाही काही जण नवा लॅपटॉप शोधू लागतात, तर काही जण लॅपटॉप दुकानात सोडून येतात आणि बँकेच्या कागदपत्रांपासून ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डपर्यंत सगळे काही दोन दिवस परक्या टेबलावर राहू देतात. बहुतेक लॅपटॉपच्या बाबतीत या दोन्हींची गरज नसते.

झाकण उघडून जुनी एसएसडी काढणे आणि नवी बसवणे हे काम पंधरा-वीस मिनिटांचे आहे. मात्र त्याआधीची तयारी कच्ची राहिली, तर ते निस्तरण्यात सबंध रविवार जातो. म्हणूनच या लेखात स्क्रूड्रायव्हर बराच उशिरा येतो. उदाहरण म्हणून आपण असा लॅपटॉप घेऊ, ज्यात एम.२ प्रकारचा एकच स्लॉट आहे, २५६ जीबीची एसएसडी आहे आणि तिच्या जागी १ टीबीची बसवायची आहे. आयटी कंपन्यांनी वापरून काढलेले आणि रिफर्बिश्ड म्हणून विकले जाणारे डेल लॅटिट्यूड किंवा लेनोवो थिंकपॅड पुष्कळदा याच प्रकारात मोडतात.

आपल्या लॅपटॉपमध्ये नेमके काय बसते?

एसएसडी हे एकच नाव असले, तरी त्याखाली येणाऱ्या वस्तू एकमेकींच्या जागी बसत नाहीत. जुन्या, हार्ड डिस्कच्या काळातील लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा ड्राइव्ह असतो. त्याची जाडी बहुधा ७ मिलिमीटर असते आणि त्याच्या जागी तेवढ्याच जाडीची अडीच इंची साटा एसएसडी सरळ बसते. नंतरच्या लॅपटॉपमध्ये च्युइंगमच्या पट्टीसारखी चपटी, उघड्या सर्किटची एम.२ एसएसडी असते. या एम.२ मध्येही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत आणि चुकीची खरेदी बहुतेक वेळा इथेच होते, कारण दोन्हींची लांबी-रुंदी सारखीच असू शकते.

साटा एसएसडीचा वेग सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या पुढे जात नाही, कारण साटा जोडणीचीच ती मर्यादा आहे. एनव्हीएमई एसएसडी पीसीआय एक्स्प्रेस मार्गाने थेट बोलते. तिसऱ्या पिढीच्या चार लेनवर ती सेकंदाला सुमारे ३,५०० एमबी आणि चौथ्या पिढीत सुमारे ७,००० एमबीपर्यंत वाचू शकते. एम.२ पट्टीच्या सोनेरी टोकाकडे पाहिले, तर साटा प्रकारात सहसा दोन खाचा दिसतात आणि एनव्हीएमईमध्ये एक. तरीही खाचांवर पूर्ण विसंबू नये, कारण दोन लेनच्या काही एनव्हीएमई एसएसडींनाही दोन खाचा असतात. शिवाय स्लॉटमध्ये पट्टी बसली म्हणजे ती चालेलच असे नाही: केवळ साटा ओळखणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई एसएसडी दिसतच नाही आणि याच्या उलटही घडते.

म्हणून खात्री दोन ठिकाणांहून करावी. विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स या भागात डिस्कवर क्लिक केले, की सध्याच्या एसएसडीचे मॉडेल दिसते. ते नाव शोधल्यास तिचा प्रकार आणि लांबी कळते. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे आपल्या लॅपटॉपचे सर्व्हिस मॅन्युअल. डेल, एचपी आणि लेनोवो या कंपन्या आपल्या बहुतेक मॉडेलांची दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळावर मोफत ठेवतात. त्यात कोणता स्क्रू कुठे आहे, झाकण कोणत्या बाजूने सुटते, बॅटरीचा कनेक्टर कोणत्या दिशेने निघतो, हे सर्व चित्रांसह दिलेले असते. यूट्यूबवरचा व्हिडिओ जरूर पाहावा, पण तो नेमका आपल्याच मॉडेलचा आहे का, हे मॅन्युअलशी ताडून घ्यावे. एकाच मालिकेतील दोन मॉडेलांची आतली मांडणी वेगळी असणे ही नेहमीची गोष्ट आहे.

एम.२ एसएसडीवर २२३०, २२४२ किंवा २२८० असा आकडा असतो. त्यातले पहिले दोन अंक म्हणजे २२ मिलिमीटर रुंदी आणि पुढचे दोन म्हणजे लांबी. लॅपटॉपमध्ये ८० मिलिमीटरची जागा असेल, तर बाजारात सर्वाधिक पर्याय असलेली २२८० घ्यावी. जागा ३० मिलिमीटरचीच असेल, तर निवड आपोआप मर्यादित होते. पातळ लॅपटॉपसाठी आणखी एक पाहावे लागते: काही मोठ्या क्षमतेच्या एसएसडींच्या दोन्ही बाजूंना चिप असतात आणि त्या जाडीमुळे झाकण नीट बसत नाही. एका बाजूला चिप असलेली एसएसडी अशा वेळी सुरक्षित ठरते. डेस्कटॉपसाठी विकल्या जाणाऱ्या, वर ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक बसवलेल्या एसएसडीचा लॅपटॉपमध्ये उपयोग नाही.

काही लॅपटॉपमध्ये मात्र हा विषय इथेच संपतो. २०१८ पासूनच्या मॅकबुक एअरमध्ये साठवण मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते आणि काही स्वस्त विंडोज लॅपटॉपमध्येही ईएमएमसी चिप थेट बोर्डवर असते. तिथे बाहेरून यूएसबी एसएसडी जोडणे हाच मार्ग उरतो.

नवी एसएसडी निवडताना

वेगाच्या आकड्यांवर फार पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पाच-सहा वर्षांपूर्वीच्या लॅपटॉपचा स्लॉट बहुधा तिसऱ्या पिढीचा असतो. त्यात चौथ्या पिढीची एसएसडी व्यवस्थित चालते, पण तिसऱ्या पिढीच्याच वेगाने. एक्सेल, टॅली, ब्राउझर आणि फोटो एवढेच काम असणाऱ्याला ३,५०० आणि ७,००० मधील फरक जाणवणार नाही. त्याला जाणवेल तो एसएसडी बरीच भरल्यानंतरचा किंवा एकदम मोठी फाइल उतरवतानाचा मंदपणा, आणि तो अवलंबून असतो आतल्या मेमरीच्या प्रकारावर. टीएलसी मेमरीच्या एका पेशीत तीन बिट साठतात, क्यूएलसीमध्ये चार. क्यूएलसी स्वस्त पडते, पण सलग लिहिताना तिचा वेग लवकर ढासळतो आणि ती लेखनाच्या तुलनेने कमी फेऱ्या सोसते. किमतीत फार फरक नसेल, तर टीएलसीच घ्यावी.

एसएसडीवर एकूण किती टेराबाइट लिहिता येईल याची हमी कंपनी टीबीडब्ल्यू या आकड्याने देते. १ टीबीच्या चांगल्या टीएलसी एसएसडीसाठी तो ६०० च्या आसपास आढळतो. रोज ५० जीबी लिहिले, तरी ६०० टीबी गाठायला तीस वर्षांहून अधिक काळ लागेल, त्यामुळे घरगुती वापरात याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. स्वतःची डीरॅम (तात्पुरती वेगवान मेमरी) नसलेल्या एसएसडींबद्दलही असेच म्हणता येईल. एनव्हीएमई प्रकारात त्या लॅपटॉपच्या रॅमचा छोटासा भाग वापरतात आणि सामान्य कामाला पुरेशा ठरतात. वॉरंटी मात्र तीन वर्षांची आहे की पाच, आणि ती भारतात लागू आहे का, हे आवर्जून पाहावे.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा, आपल्या गावातील दुकानात करा किंवा ऑनलाइन करा. जीएसटीचे पक्के बिल घ्यावे आणि शक्य असेल तर त्यावर एसएसडीचा सीरियल नंबर लिहून घ्यावा. वॉरंटीच्या वेळी वाद होतो तो याच एका गोष्टीवरून. अनोळखी नावाची, अविश्वसनीय स्वस्त आणि कित्येक टीबी क्षमता सांगणारी एसएसडी ऑनलाइन दिसली, तर तिच्यापासून दूर राहावे. अशा वस्तूंमध्ये आत लहानशी मेमरी असते आणि फर्मवेअर, म्हणजे एसएसडी चालवणारा आतला प्रोग्रॅम, खोटी क्षमता दाखवते. खरी जागा संपली की पुढचा डेटा नुसता हरवत जातो.

आपल्या उदाहरणातील लॅपटॉपमध्ये एकच स्लॉट आहे, म्हणून जुन्या एसएसडीवरून नवीवर सगळे उतरवण्यासाठी एक एनव्हीएमई-यूएसबी एन्क्लोजर, म्हणजे एसएसडी आत बसवून यूएसबीला जोडता येणारी डबी, लागेल. ते घेताना आपली एसएसडी एनव्हीएमई आहे की साटा, हे पुन्हा तपासावे, कारण दोन्हींची एन्क्लोजर वेगळी असतात. १० गिगाबिट वेगाचे एन्क्लोजर पुरेसे आहे आणि पुढे जुन्या एसएसडीसाठीही तेच उपयोगी पडणार आहे.

उघडण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम बॅकअप. क्लोन, म्हणजे जुन्या ड्राइव्हची नव्या ड्राइव्हवर उतरवलेली हुबेहूब प्रत, हा बॅकअप नव्हे, कारण क्लोन करताना मूळ आणि लक्ष्य उलटसुलट निवडले गेले, तर भरलेल्या ड्राइव्हवर रिकामा ड्राइव्ह उतरवला जातो. ज्या फायली गेल्या तर पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर किंवा क्लाउडवर आधी ठेवावी. घरगुती लॅपटॉपवर डेस्कटॉप, डाउनलोड्स, टॅलीचे डेटा फोल्डर आणि ईमेलचा साठा असलेल्या आउटलुकच्या पीएसटी फायली हमखास विसरल्या जातात.

दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊकच नसते. विंडोज ११ असलेल्या अनेक लॅपटॉपवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हवरचा सगळा डेटा कुलूपबंद करणारी सोय) मालकाच्या नकळत सुरू झालेले असते. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की ते चालू होते आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात जमा होते. एसएसडी किंवा बायॉसमधील (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममधील) मांडणी बदलली की लॅपटॉप हीच की मागू शकतो आणि ती नसेल, तर आतला डेटा मालकालाही उघडता येत नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी या भागात डिव्हाइस एन्क्रिप्शनची स्थिती पाहावी. विंडोज प्रो असेल, तर कंट्रोल पॅनेलमध्ये त्याच कामाचा बिटलॉकर पाहावा. मायक्रोसॉफ्ट खात्याच्या संकेतस्थळावरून रिकव्हरी की उतरवून ती कागदावर लिहावी. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला तरी चालेल, पण त्याच लॅपटॉपमध्ये फाइल करून ठेवणे निरर्थक आहे. त्यानंतर एन्क्रिप्शन पूर्णपणे बंद करावे आणि डिक्रिप्शन संपेपर्यंत थांबावे. याला तासभर लागू शकतो. काम झाल्यावर नव्या एसएसडीवर ते पुन्हा सुरू करता येते. लॅपटॉप कंपनीने दिलेला असेल, तर मात्र यातले काहीही करण्यापूर्वी आयटी विभागाला विचारावे.

विंडोजच्या लायसन्सची काळजी अनेकांना वाटते, ती येथे अनाठायी आहे. लॅपटॉपसोबत आलेले लायसन्स मदरबोर्डशी जोडलेले असते, एसएसडीशी नाही. तीच आवृत्ती, म्हणजे होम असेल तर होम आणि प्रो असेल तर प्रो, पुन्हा टाकली की इंटरनेट मिळताच विंडोज आपोआप ॲक्टिव्हेट होते.

शेवटी क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या मोफत साधनाने जुन्या एसएसडीचे आरोग्य तपासावे. तेथे पिवळी किंवा लाल खूण दिसली, फायली उघडताना अडत असल्या किंवा लॅपटॉप मध्येच गोठत असला, तर क्लोनच्या फंदात न पडता आधी महत्त्वाच्या फायली उतरवून घ्याव्यात आणि विंडोज नव्याने टाकावे. आजारी ड्राइव्हचा क्लोन करताना त्याच्यावर सलग ताण पडतो आणि त्यातील बिघडलेल्या फायलीही जशाच्या तशा पुढे जातात.

क्लोन करावा की विंडोज नव्याने टाकावे?

क्लोनचा फायदा उघड आहे: सर्व प्रोग्रॅम, प्रिंटर, डिजिटल सिग्नेचरचे ड्रायव्हर, बँकेच्या साइटसाठी केलेल्या मांडण्या जशाच्या तशा येतात. लहान व्यावसायिक, कर सल्लागार किंवा ज्यांच्या लॅपटॉपवर विशिष्ट सॉफ्टवेअर एकदाच कसेबसे बसवून घेतलेले आहे, त्यांनी क्लोनच करावा. ज्यांचा लॅपटॉप आधीच संथ आहे आणि ज्यांना त्यावरचे निम्मे प्रोग्रॅम कशासाठी आहेत हेही आठवत नाही, त्यांनी नव्याने सुरुवात करावी. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आहे. त्यामुळे लॅपटॉपचा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा, म्हणजे विंडोज ११ च्या अटीत बसणारा असेल, तर एसएसडी बदलताना थेट विंडोज ११ टाकणे सोयीचे ठरते.

क्लोनसाठी नवी एसएसडी एन्क्लोजरमध्ये बसवून लॅपटॉपला जोडावी. यूएसबी ३ चाच पोर्ट वापरावा, जो अनेक लॅपटॉपवर आतून निळा असतो. यूएसबी २ वर २०० जीबी उतरवायला दीड तास सहज लागतो. चार्जर लावून ठेवावा आणि पॉवर सेटिंग्जमध्ये स्लीप बंद करावी. क्रूशल, किंग्स्टन आणि डब्ल्यूडी या कंपन्या आपल्या एसएसडीच्या ग्राहकांना ॲक्रोनिसची मर्यादित आवृत्ती देतात आणि सॅमसंगचे स्वतःचे साधन आहे. ही साधने त्या त्या कंपनीची एसएसडी जोडलेली असेल तरच चालतात. क्लोनझिला पूर्णपणे मोफत आहे आणि पेन ड्राइव्हवरून चालते, मात्र त्याचा सारा कारभार नुसत्या मजकुराच्या मेनूतून चालतो. नवख्याने कंपनीचे साधन वापरावे.

साधन कोणतेही असो, मूळ आणि लक्ष्य ड्राइव्ह निवडण्याच्या पडद्यावर घाई करू नये. दोन्हींचे मॉडेल आणि क्षमता मोठ्याने वाचावी: २५६ जीबीची मूळ, १ टीबीची लक्ष्य. पडद्यावर १ टीबीची एसएसडी ९३१ जीबी आणि २५६ ची सुमारे २३८ जीबी दिसते, यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १,०२४ च्या, एवढाच तो फरक आहे. फक्त सी ड्राइव्ह न निवडता संपूर्ण डिस्क निवडावी, कारण विंडोज सुरू करणारे छोटे ईएफआय विभाजन (पार्टिशन) सी ड्राइव्हच्या बाहेर असते. साधनात तशी सोय असेल, तर क्लोन करतानाच सी विभाजन उरलेल्या जागेत वाढवून घ्यावे. नाही तर नंतर सी ड्राइव्ह आणि मोकळी जागा यांच्या मध्ये रिकव्हरी विभाजन आडवे येते आणि डिस्क मॅनेजमेंटमधील एक्स्टेंड व्हॉल्यूम हा पर्याय फिकटच राहतो. मग ते विभाजन जीपार्टेडसारख्या साधनाने शेवटी सरकवावे लागते.

विंडोज नव्याने टाकायचे असेल, तर किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने तो तयार करावा. पेन ड्राइव्हवरचे सर्व पुसले जाते. त्यानंतर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून वायफायचा ड्रायव्हर उतरवून त्याच पेन ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवावा. इंटेलच्या अकराव्या आणि त्यापुढच्या पिढीच्या लॅपटॉपसाठी इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हरही ठेवावा. या लॅपटॉपमध्ये व्हीएमडी नावाची सोय चालू असते आणि त्या ड्रायव्हरविना विंडोजच्या इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. नवी कोरी एसएसडी खराब निघाली, असे समजून ती परत करणारे लोक पुष्कळदा याच जागी अडकलेले असतात. इन्स्टॉलरमध्ये लोड ड्रायव्हर निवडून ते फोल्डर दाखवले की एसएसडी लगेच प्रकट होते.

प्रत्यक्ष बदल

विंडोज बंद करताना शिफ्ट कळ दाबून ठेवावी, म्हणजे फास्ट स्टार्टअपच्या अर्धवट झोपेत न जाता लॅपटॉप पूर्ण बंद होतो. अनेक थिंकपॅडच्या बायॉसमध्ये अंतर्गत बॅटरी तात्पुरती बंद करण्याचा पर्याय असतो, तो असल्यास जरूर वापरावा. चार्जर, माऊस, पेन ड्राइव्ह, मेमरी कार्ड हे सारे काढावे.

टेबलावर सुती कापड पसरून लॅपटॉप पालथा ठेवावा. गालिचा, सोफा किंवा सिंथेटिक चादर टाळावी. कोकणातल्या पावसाळी दमट हवेत स्थिर विजेचा प्रश्न फारसा येत नाही, पण विदर्भातल्या किंवा पुण्यातल्या कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, ती हीच वीज. काम सुरू करण्यापूर्वी आणि मध्ये उठून आल्यावर धातूच्या नळाला किंवा लोखंडी कपाटाच्या रंग नसलेल्या भागाला हात लावावा. अँटिस्टॅटिक पट्टा असेल तर उत्तमच.

स्क्रूसाठी पीएच० आकाराचा चांगला स्क्रूड्रायव्हर लागतो. टोक खाचेत घट्ट बसले पाहिजे. सैल टोकाने जोर लावला की स्क्रूचे डोके गुळगुळीत होते आणि मग तो काढणे हाच एक स्वतंत्र उद्योग होऊन बसतो. काढलेले स्क्रू कागदावर लॅपटॉपची बाह्यरेषा काढून त्या त्या जागी ठेवावेत, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असू शकते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो वरच्या बाजूने कीबोर्डजवळ टेंगूळ आणतो. डेलच्या अनेक लॅटिट्यूडमध्ये स्क्रू झाकणातच अडकून राहतात. ते पूर्ण निघत नाहीत, फक्त सैल होतात. काही एचपी मॉडेलांत स्क्रू रबरी पायांखाली लपवलेले असतात. सगळे स्क्रू काढूनही झाकण हलत नसेल, तर जोर लावण्याआधी मॅन्युअल पुन्हा पाहावे.

झाकण सोडवण्यासाठी जुने प्लास्टिकचे कार्ड किंवा गिटारचे पिक वापरावे, चाकू किंवा धातूचा स्क्रूड्रायव्हर नव्हे. बहुधा बिजागरीच्या बाजूच्या कोपऱ्यातून सुरुवात करून कार्ड कडेने सरकवत न्यावे. प्रत्येक क्लिप सुटताना टक असा आवाज येतो आणि तो तुटल्यासारखा वाटला तरी सहसा काही तुटलेले नसते. झाकण मोकळे झाले की ते एकदम उचलू नये, कारण काही मॉडेलांत त्याला आतून केबल जोडलेली असते.

आता पहिले काम बॅटरीचा कनेक्टर काढण्याचे. काही लॅपटॉपमध्ये तो आडवा ओढायचा असतो आणि काहींत सरळ वर उचलायचा. हे मॅन्युअलमधील बाण पाहून ठरवावे आणि तारा धरून न ओढता कनेक्टरच्या प्लास्टिकला नखाने किंवा प्लास्टिकच्या पट्टीने दोन्ही बाजूंनी थोडे थोडे ढकलावे. त्यानंतर पॉवर बटण पंधरा सेकंद दाबून ठेवले की उरलीसुरली वीज निघून जाते.

एसएसडी शोधणे सोपे आहे. तिच्यावर कंपनीचे लेबल असते किंवा तिच्यावर धातूची पट्टी बसवलेली असते. पट्टी असेल तर तिचा स्क्रू काढून ती बाजूला ठेवावी, कारण ती नव्या एसएसडीची उष्णता वाहून नेण्यासाठी पुन्हा लागणार आहे. टोकाचा बारीक स्क्रू काढताच एसएसडी स्वतःहून तिरपी उभी राहते, साधारण पंचवीस-तीस अंशांत. त्याच कोनात ती सरळ मागे ओढावी. तिला आडवी दाबून किंवा डावी-उजवीकडे हलवून काढू नये.

नवी एसएसडी कडांना धरावी, सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये. खाच आणि स्लॉटमधील आडकाठी जुळवून ती त्याच तिरप्या कोनात आत सरकवावी. नीट बसली की सोनेरी भाग जेमतेम एखाद्या रेषेइतका दिसतो. तो बराच दिसत असेल, तर ती अर्धीच गेली आहे आणि अशा स्थितीत ती दाबून स्क्रू लावल्यास स्लॉट मोडू शकतो. मग दुसरे टोक हलकेच खाली दाबून स्क्रू लावावा. तो पिळून घट्ट करण्याची गरज नाही; टेकला की थांबावे. जुनी २२३० आणि नवी २२८० असेल, तर स्क्रूचा लहान पितळी आधार पुढच्या छिद्रात हलवावा लागतो. लॅपटॉपमधला थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणारी मऊ पट्टी) फाटला नसेल तर तोच चालतो. नवा लावल्यास त्याच्या दोन्ही बाजूंची पारदर्शक फिल्म काढण्यास विसरू नये. एसएसडीवरचे कंपनीचे लेबल मात्र काढू नये. ते काढल्यास वॉरंटी नाकारली जाते.

अडीच इंची ड्राइव्ह असलेल्या लॅपटॉपमध्ये काम याहून सोपे असते. कॅडी, म्हणजे ड्राइव्ह धरून ठेवणारी चौकट, बाहेर काढायची, चार स्क्रू सोडवून ड्राइव्ह बदलायचा आणि कॅडी परत बसवायची. तेथे काळजी घ्यावी ती चपट्या रिबन केबलची. तिच्या कनेक्टरवरची काळी किंवा पांढरी पट्टी आधी वर करावी, मगच केबल ओढावी.

बॅटरीचा कनेक्टर पुन्हा जोडावा आणि झाकण नुसते टेकवून, स्क्रू न लावता, पहिली चाचणी घ्यावी.

पहिल्यांदा सुरू करताना

या वेळी जुनी एसएसडी यूएसबीला जोडलेली नसावी. मूळ आणि क्लोन यांची डिजिटल ओळख सारखी असल्याने विंडोज त्यांतील एक ड्राइव्ह ऑफलाइन ठेवू शकते किंवा चुकून जुन्याच ड्राइव्हवरून सुरू होऊ शकते. चार्जर लावून लॅपटॉप सुरू करावा आणि लगेच बायॉसची कळ दाबत राहावी. डेल, एसर आणि असुसवर ती बहुधा एफ२ असते, एचपीवर एफ१०, लेनोवोवर एफ१ किंवा एफ२. तेथे नव्या एसएसडीचे नाव दिसले, की प्रत्यक्ष जोडणीचे काम बरोबर झाले. ते दिसत नसेल, तर लॅपटॉप बंद करून, बॅटरीचा कनेक्टर काढून, एसएसडी पुन्हा बसवावी. बहुतेक वेळा ती पूर्ण आत गेलेली नसते.

क्लोन केलेले विंडोज सुरू होताना निळा पडदा येऊन इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असा संदेश दिसला, तर बायॉसमध्ये साठवणीची मांडणी बदलली आहे का ते पाहावे. डेलच्या अनेक लॅपटॉपवर ती कारखान्यातूनच रेड (RAID) या पर्यायावर असते. कुणाचा तरी सल्ला ऐकून ती एएचसीआय केली असेल, तर आधीसारखी करावी. मांडणी बरोबर असूनही विंडोज सुरू होत नसेल, तर इन्स्टॉलेशनच्या पेन ड्राइव्हवरून स्टार्टअप रिपेअर चालवावे. तरीही जमले नाही, तर जुनी एसएसडी परत बसवावी आणि क्लोन नव्याने करावा. तिला आपण हात लावलेला नसल्यामुळे यात काहीच गमावलेले नसते.

नव्याने विंडोज टाकताना प्रॉडक्ट की नसल्याचा पर्याय निवडून पुढे जावे, पूर्वीचीच आवृत्ती निवडावी आणि नव्या एसएसडीची अनअलोकेटेड जागा निवडून नेक्स्ट दाबावे. विभाजने विंडोज स्वतः करते. डी आणि ई असे वेगळे ड्राइव्ह करण्याची सवय पुष्कळांना आहे, पण एसएसडीवर त्याने वेग वाढत नाही आणि ड्राइव्ह बिघडला तर सगळी विभाजने एकत्रच जातात.

सर्व सुरळीत झाल्यावर झाकण दाबून क्लिप बसवाव्यात आणि स्क्रू लावावेत.

त्यानंतरच्या आठवड्यात

क्रिस्टलडिस्कइन्फो पुन्हा चालवावे. नव्या एसएसडीचे वापराचे तास शून्याच्या जवळ आणि आरोग्य १०० टक्के असले पाहिजे. शेकडो तास दिसले, तर कोणीतरी वापरलेली वस्तू नवी म्हणून दिली आहे आणि बिल हातात असताना ती त्वरित परत करावी. डीफ्रॅगमेंट अँड ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज या साधनात तिच्यापुढे सॉलिड स्टेट ड्राइव्ह असे दिसते की नाही ते पाहावे. तसे दिसत असल्यास विंडोज वेळोवेळी ट्रिम, म्हणजे पुसलेल्या फायलींची जागा मोकळी करण्याचे काम, करत राहते आणि वेगळे काही करण्याची गरज नसते. बाहेरचे डीफ्रॅगचे साधन एसएसडीवर कधीही चालवू नये. कंपनीच्या साधनाने फर्मवेअरही तपासावे. हे केवळ औपचारिक काम नव्हे: २०२३ च्या सुरुवातीला सॅमसंगच्या २ टीबीच्या ९८० प्रो एसएसडी केवळ-वाचन स्थितीत जाऊन अडकू लागल्या होत्या आणि ते टाळण्याचा उपाय नवे फर्मवेअर वेळीच टाकणे हाच होता. शेवटी एन्क्रिप्शन पुन्हा सुरू करावे आणि नवी रिकव्हरी की लिहून ठेवावी. जुनी की आता उपयोगाची नाही.

जुनी एसएसडी किमान दोन-तीन आठवडे जशीच्या तशी ठेवावी. एखादे सॉफ्टवेअर, एखादा ईमेलचा साठा किंवा जीएसटीची जुनी फाइल राहून गेल्याचे नेमके महिनाअखेरीलाच लक्षात येते. त्यानंतर ती एन्क्लोजरमध्ये घालून फायली नेण्या-आणण्यासाठी वापरता येते, पण तिच्यावर एकमेव बॅकअप ठेवून ती वर्षानुवर्षे कपाटात टाकू नये, कारण वीज न मिळालेल्या एसएसडीतील डेटा कालांतराने क्षीण होऊ शकतो. विकायची किंवा कुणाला द्यायची असेल, तर साध्या फॉरमॅटवर न थांबता कंपनीच्या साधनातील किंवा बायॉसमधील सिक्युअर इरेज चालवावे. ते बहुतेक एसएसडींवर काही मिनिटांत संपते. एसएसडी बिघडलेली असल्याने इरेज चालतच नसेल आणि आत खासगी कागदपत्रे असतील, तर चष्मा घालून आणि एसएसडी कापडात गुंडाळून हातोडीने प्रत्येक काळी चिप फोडावी आणि तुकडे ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रावर द्यावेत.